अध्यक्षांचा दोर

खाडीकाठच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात शिकाऊ वर्गाची शेवटची परीक्षा स्नेहभोजनातच होई. अध्यक्ष पोतनीससाहेब जेवता जेवता एकच प्रश्न टाकत, "बोटीवर सगळ्यांत महत्त्वाचा दोर कोणता?" कुणी शिडाचा म्हटलं की ते नांगराचा म्हणत, नांगराचा म्हटलं की शिडाचा. नापास झालेल्याला क्लबची होडी मिळत नसे.

यंदा वर्गात चांगुणा पागधरे होती. कोळीवाड्यातली, क्लबच्या जेवणाला मासळी तीच पुरवी. चारचौघांत तिची जिरवायची, या बेताने साहेबांनी शिंपल्यातल्या कालवांचा रस्सा तिसऱ्यांदा वाढून घेतला आणि आपला प्रश्न विचारला.

"दर बोटीचा वेगळा असतो, साहेब," चांगुणा म्हणाली. "तुमच्या बोटीचा म्हणाल, तर धक्क्याला बांधलेला."

"कशावरून?"

"हलत्या दोराला कालवं धरत नाहीत. तुमच्या दोरावर तीन वर्षांची होती. आज सकाळीच काढली."

"काढून केलंस काय त्यांचं?"

"रस्सा कसा झालाय, साहेब?"

साहेबांनी वाटी हळूच खाली ठेवली आणि ती पास झाल्याच्या कागदावर सही करायला पेन मागितलं.