कारभारी कोणत्या वेशीतून आणावा

एकदा एका नगराला कारभारी मिळेनासा झाला. नगर तसे मध्यम. राजधानी म्हणावी इतके मोठे नव्हे, आणि खेडे म्हटले तर तिथल्या लोकांना राग येईल, इतके लहानही नव्हे. रस्ते, दिवे, बाजार, पाणी, झाडलोट हे सगळे पाहायला एक जाणता माणूस लागे, आणि तो बाहेरगावचाच असावा असा जुना रिवाज होता. गावातलाच नेमला तर पहिला दिवा तो आपल्या दारासमोर लावील, असे पूर्वजांना वाटले असावे. पूर्वज आपली माणसे ओळखून होते.

पण गेल्या चार वर्षांत तीन कारभारी आले आणि तिघेही गेले. पहिल्याला म्हणे हवा मानवली नाही. दुसरा तीर्थयात्रेला म्हणून निघाला तो परतलाच नाही. तिसरा मुलीच्या लग्नासाठी गावी गेला आणि तिथूनच त्याने निरोप धाडला, की आता येणे होणार नाही. तेव्हा राजाने नगरसभेला कळवले, की चौथाही टिकला नाही तर कारभारी निवडण्याचा तुमचा अधिकार जाईल. आम्ही दरबारातून कोणीतरी धाडू. दरबारातून आलेल्या माणसाचे तोंड दरबाराकडेच असते, हे सभेच्या अकराही सभासदांना पक्के ठाऊक होते. त्यांचे धाबे दणाणले.

या सभेचा एक चिटणीस होता. चाळिशी उलटलेली, कानावरचे केस पिकलेले, घरात खाणारी पाच तोंडे. तरी रोज संध्याकाळी तो शिष्य होऊन एका वृद्धाकडे जाई. या वृद्धाने एके काळी सत्तावीस वर्षे नगराचा कारभार वाहिला होता आणि आता तो परसात वांगी आणि दुधी लावत असे. चिटणीस त्याच्याकडे कारभाराची विद्या शिकायला जाई आणि बहुधा वांग्यांना पाणी घालून परत येई. त्यातही काही शिक्षण असावे, अशी त्याची श्रद्धा होती.

सभेने याच वृद्धाला गळ घातली, की नवा माणूस तुम्हीच पाहून द्या. वृद्धाने एकच अट घातली. येईल त्याला नगर दाखवण्याचे काम माझा शिष्य करील, आणि कसे दाखवायचे ते मी त्याला सांगेन. एवढेच ना, असे म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. निमंत्रणाचा मजकूर मात्र सभेनेच सांगितला: अमृततुल्य जल, निर्मळ हवा, सज्जन प्रजा. चिटणिसाने तो यापूर्वी तीनदा लिहिला होता. या खेपेस तो न विचारताच लिहून मोकळा झाला.

एका बंदराच्या शहराचा नामांकित कारभारी नगर पाहायला यायला तयार झाला. मग काय विचारता! मुलगी दाखवायच्या दिवशी घरात जी धांदल उडते, ती साऱ्या नगरात उडाली. पूर्वेच्या वेशीपासून सभागृहापर्यंतच्या भिंतींना चुना लागला, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला, तोरणे चढली. चौकातले कारंजे दोन दिवस आधीपासून उडू लागले. त्याचे पाणी टेकडीच्या आळीचे तोडून वळवले होते, पण टेकडीच्या आळीला कोणी विचारायला गेले नाही.

आदल्या संध्याकाळी वृद्धाने शिष्याला सांगितले, "उद्या पाहुण्याला पूर्वेकडून आणू नकोस. उत्तरेच्या वेशीतून आण. टेकडीची आळी, मग नाला, मग मागचा बाजार. तो जे विचारील त्याचे खरे उत्तर दे. जे विचारणार नाही ते नुसते दाखव."

चिटणिसाला वाटले, गुरुजींचे वय झाले. पण गुरूचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने पाहुण्याला उत्तरेकडून आणले. टेकडीच्या आळीत रिकाम्या हौदापाशी कळश्यांची रांग होती. नाल्याजवळ येताच पाहुण्याने उपरणे नाकाला लावले आणि विचारले, की सभागृहाकडे जायला दुसरा रस्ता नाही का? खरे सांगायचे ठरलेले. चिटणीस म्हणाला, आहे, पूर्वेकडून फार चांगला रस्ता आहे. पाहुण्याने त्याच्याकडे वळून पाहिले. पुढे त्याने पुष्कळ विचारले आणि चिटणिसाने सगळे सांगितले. दुपारी सभेबरोबर पंक्तीला बसून, पुरणपोळीची मनापासून तारीफ करून, तो गृहस्थ नम्रपणे नकार देऊन निघून गेला.

सभेत जे व्हायचे ते झाले. हातचा माणूस घालवला, म्हणून अकराही जण चिटणिसावर तुटून पडले. वृद्धाला बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे त्याच्या वाट्याचेही चिटणिसालाच ऐकावे लागले.

पंधरवड्याने एक अनपेक्षित निरोप आला. कुठल्याशा लहान शहराचा एक कारभारी, ज्याला कोणी बोलावलेही नव्हते, नगर पाहायला येऊ इच्छीत होता. सभेला हायसे वाटले. पुन्हा चुना आला, तोरणे आली, कारंजे उडू लागले. सभाप्रमुखांनी चिटणिसाला बोलावून शांतपणे सांगितले, "या वेळी पाहुणा पूर्वेच्या वेशीतून यायला हवा. नाही आला, तर तुमचा शिक्का सभेत ठेवून घरी जा."

त्या संध्याकाळी चिटणीस एकाच वांग्याला पाणी घालत राहिला. वृद्धाने त्याच्या हातातली झारी काढून घेतली आणि त्याला ओट्यावर बसवले. "गुरुजी," तो म्हणाला, "असे वाईट ते आधी दाखवून कोणी घरात माणूस आणतो का? एक गेलाच. आता माझी चाकरीही जाईल."

वृद्धाने झारी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुला वाटते, आपल्याला माणूस मिळत नाही. अरे, माणसे आपल्याला तीनदा मिळाली, आणि तिघेही चांगले होते. नाल्याच्या वासाने कारभारी पळत नसतो. त्याचा जन्मच नाल्यांत जातो. पहिल्या दिवशी आपण त्यांना कारंजे दाखवले आणि नाला त्यांचा त्यांना सापडला. त्या दिवसापासून आपले खरेही त्यांना खोटे वाटू लागले. हौद भरला असे कोणी सांगितले, तरी ते स्वतः टेकडी चढून पाहून येत. रोज अशी टेकडी चढून माणूस थकतो, आणि मग त्याला हवा मानवत नाही. परवाचा गृहस्थ एका दिवसात गेला, हे तुला नुकसान वाटते. मी म्हणतो, त्याचे एक वर्ष वाचले आणि आपलेही."

"आणि हा दुसराही गेला तर?"

"जाऊ शकेल. मला भविष्य कुठे कळते? यंदा माझी वांगीसुद्धा किडली."

मग उद्या त्याला कोणत्या वेशीतून आणू, असे चिटणिसाने विचारले. वृद्धाने मान हलवली. "ते मी सांगणार नाही. मागच्या खेपेला शब्द माझा होता. या खेपेला चाकरी तुझी आहे."

घरी जाताना चिटणिसाला गुरूचा थोडा रागच आला. पण वाटेत त्याला तिसरा कारभारी आठवला. मुलीच्या लग्नाला म्हणून निघालेल्या त्या माणसाला निरोप द्यायला तोच वेशीपर्यंत गेला होता. गाडीत बसताना तो भला माणूस म्हणाला होता, "चिटणीस, तुम्हाला सगळे पहिल्यापासून माहीत होते. मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेत?" त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते चिटणिसाला फार लागले होते.

सकाळी तो पाहुण्याला आणायला गेला. पाहुणा साठीकडे झुकलेला, सडपातळ, गुडघ्याने अधू असा होता. नगराबाहेर जिथे रस्ता फुटतो तिथे गाडीवानाने बैल थांबवले. पूर्वेच्या रस्त्यावरची तोरणे तिथूनही दिसत होती. चिटणिसाला घरातली पाच तोंडे आठवली. पाहुणा त्याच्याकडे पाहत होता.

"उत्तरेकडे घे," चिटणीस गाडीवानाला म्हणाला.

टेकडीच्या आळीत पाहुणा गाडीतून उतरला आणि गुडघा दुखतो म्हणून हौदाच्या पायरीवर बसला. लगेच एक बाई त्याच्यावर करवादली.

"आजोबा, सरका जरा. माझ्या कळशीची जागा हाय ती."

तो सरकला आणि तिला विचारू लागला, की केव्हापासून उभी आहेस?

"पहाटेपासनं. दोन दिस झालं, टिपूस न्हाई. चौकात कुणी पावना यायचाय म्हणं. त्याच्यापायी कारंजं उडतंय."

"तो पाहुणा मीच," तो म्हणाला.

बाई ओशाळली नाही. तिने त्याला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "मग तुमच्याच कानावर गेलं ते बरं झालं."

पुढे नाल्यापाशीही त्याने गाडी थांबवायला लावली. नाला किती लांब आहे आणि पावसाळ्यात पाणी कोणाच्या घरात शिरते, हे त्याने विचारून घेतले. शेवटी म्हणाला, की ही टेकडीवरची माणसे सभेत येऊन भांडतात की नाही? चिटणीस म्हणाला, पूर्वी भांडत, दोन वर्षे झाली, आता येत नाहीत. "हे नाल्यापेक्षा वाईट आहे," पाहुणा म्हणाला आणि त्याने गाडी मागच्या बाजाराकडे घ्यायला सांगितली.

सभागृहात तो शिरला तेव्हा त्याच्या जोड्यांना चिखल होता. पूर्वेच्या रस्त्यावर चिखल नव्हता. त्यामुळे कोणाला काही सांगावे लागले नाही. सभाप्रमुखांनी चिटणिसाकडे नुसते पाहिले. चिटणिसाने कनवटीचा शिक्का काढला आणि तो बैठकीसमोरच्या चौरंगावर ठेवला.

हे काय, असे पाहुण्याने विचारले. चिटणिसानेच सगळे खरे ते सांगितले. ऐकून पाहुण्याने बंडीच्या खिशातून एक पत्र काढले.

"मध्यंतरी तुमच्याकडे येऊन गेलेले गृहस्थ माझे जुने स्नेही," तो म्हणाला. "त्यांनी मला काय लिहिले ते वाचतो. 'नगर अवघड आहे. मला या वयात झेपणार नाही. पण तिथे एक चिटणीस आहे. त्याला विचारले की तो खरे सांगतो, स्वतःच्या गावाविरुद्ध जाणारे असले तरी सांगतो. एवढी वर्षे कारभार करून मला असा माणूस मिळाला नाही. तुम्ही जाऊन पाहा.'"

त्याने पत्राची घडी घातली. "मी या नगरासाठी आलो नाही, या चिटणिसासाठी आलो. आज त्यांनी मला पूर्वेच्या वेशीतून आणले असते, तर पत्र खोटे ठरले असते आणि मी चौकातूनच गाडी वळवली असती. आता तुमची इच्छा असेल तर मी राहतो. मात्र कारंजे आत्ता बंद करा आणि पाणी टेकडीला सोडा. बाकीचे मग बोलू."

मग सभाप्रमुख स्वतः उठले आणि पाणी वळवायला सांगण्यासाठी त्यांनी माणूस धाडला. परत येताना ते चौरंगापाशी थांबले. त्यांनी शिक्का उचलला, चिटणिसाच्या हातात ठेवला, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत क्षणभर धरून ठेवला. "आम्ही चुकलो," एवढेच ते म्हणाले. चिटणिसाच्या डोळ्यांना पाणी आले, आणि त्याने ते लपवले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. हा कारभारी अकरा वर्षे टिकला. नाला बांधून काढायला त्यातली चार गेली, आणि पहिल्या उन्हाळ्यात चौकातल्या लोकांनी बंद कारंज्यासाठी त्याला शिव्याही घातल्या. टेकडीची आळी मात्र पुन्हा सभेत येऊन भांडू लागली, आणि त्याला त्याचा फार आनंद वाटे.

पण त्या दिवशीचे थोडे सांगायचे राहिले. संध्याकाळी चिटणीस गुरूकडे गेला. त्याने सगळे सांगितले आणि गुरूच्या पायांवर डोके ठेवले. पत्राची गोष्ट ऐकून वृद्धही थक्क झाला. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने शिष्याला उठवून जवळ बसवले.

"माझे कसले आभार? मी घरी बसून वेस सांगितली, चाललास तू. आणि तुझ्यामाझ्याही आधी आभार मानायचे तर त्या गृहस्थांचे मान. आपल्याला नाही म्हणून गेले, आणि जाताना आपले कल्याण करून गेले. जे राहिले त्यांना हार घालणे सोपे असते. जे राहिले नाहीत त्यांचेही आपल्यावर उपकार असतात, ते मोजायचे आपण विसरतो."

चिटणीस तसाच कचेरीत गेला आणि दिवेलागणीला त्याने नगरसभेच्या वतीने बंदराच्या शहरी एक पत्र लिहायला घेतले. इतक्या वर्षांत अमृततुल्य जल आणि निर्मळ हवा लिहून लिहून त्याचा हात बसलेला. आज मात्र पहिले वाक्य सुचायला वेळ लागला. शेवटी त्याने लिहिले, 'आपण आमच्याकडे राहिला नाहीत, याबद्दल हे नगर आपले जन्माचे ऋणी आहे.' वाचून त्याचे त्यालाच हसू आले. पण शब्दन् शब्द खरा होता, म्हणून त्याने ते खोडले नाही.