चिचुंद्रीचं अत्तर

एका जंगलात, पळस संपून ओढा लागतो त्या कडेला, एक चिचुंद्री राहत असे. ती कुठेही निघाली की पहिलं पिल्लू तिची शेपटी तोंडात धरी, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, आणि अख्खी आगगाडी चूं चूं करत मागून चाले. ओढ्याकाठी तिने थोडी तूर वाढवली होती. थंडीत किडामुंगी जमिनीत दडून बसली की या आगगाडीचं पोट त्या शेंगांवरच भरायचं होतं.

शेंगा धरल्या आणि संध्याकाळी पतंग येऊ लागले. (मांज्याचे नव्हेत, पोरांनो! दिव्यापाशी घिरट्या घालून तुमच्या आमटीत पडतात, ते.) पतंगांच्या बायका तुरीवर अंडी घालून जात, अंड्यांतून अळ्या निघत आणि शेंगेला भोक पाडून दाणे फस्त करत. चिचुंद्रीने अळ्या खाऊन पाहिल्या. जेवणात तुमच्यासारखे नखरे तिला ठाऊक नव्हते. पण एक खावी तर दहा नव्या हजर. पोटाचा नगारा झाला, शेंगा मात्र पोकळच! "अळ्या खात बसले तर जन्म जाईल," ती म्हणाली. "आता त्यांच्या आयांनाच धरते, अंडी घालायच्या आधी!"

ओढ्यापलीकडे बुचाचं झाड होतं. दिवस कलला की हेच पतंग त्याच्या पांढऱ्या फुलांवर मध प्यायला तुटून पडत. चिचुंद्रीने खाली सांडलेली फुलं वेचली, जोडीला सोनटक्का आणला आणि सगळं पायांनी तुडवून तुडवून लगदा केला. पळसाच्या द्रोणांना आतून वडाचा चिकट चीक फासला, मधोमध लगदा ठेवला आणि द्रोण तुरीच्या फांद्यांत बसवले. पतंगांनी वासाला भुलून यायचं आणि चिकात अडकायचं, असा बेत.

एक पतंग अडकेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट फुलं घेतली, दुप्पट तुडवली. पतंग द्रोणापाशी येत, गर्रकन वळत आणि पलीकडच्या शेंगेवर जाऊन बसत. झाडावरची माकडं हसून हसून लोळली. "अत्तरवाल्या बाई, एक फाया आम्हालाही द्या की!"

"हसा लेकांनो! शेंगा वाचवल्याशिवाय मी राहायची नाही!"

वारुळापाशी एक म्हातारी घोरपड ऊन खात होती. तिने जीभ काढून हवा चाखली. "बुच झकास आहे गं. सोनटक्काही झकास. पण त्यांच्यापुढे तू उभी आहेस ना!"

"मी तर इथे आहे!"

"तू इथे, पण तुझा वास द्रोणात. तुडवलंस पायांनीच ना? तुझ्या वासाने सापसुद्धा तोंड वाकडं करतो, तिथे पतंगाची काय कथा!"

चिचुंद्रीच्या मिशा थरथरल्या. "मला वास? मला तर कधी आला नाही!" ती पिल्लांकडे वळली. "काय रे, आईला वास येतो?"

"येतो की!" सगळ्यात मागचं पिल्लू खुशीत ओरडलं. "म्हणून तर अंधारात आई सापडते!"

चिचुंद्री घोरपडीला चावायलाच निघाली होती. तेवढ्यात समोरच्या शेंगेतून एक गुबगुबीत अळी डोकं काढून ऐटीत इकडेतिकडे बघू लागली. चिचुंद्रीने राग गिळला. "आजी, मग कुटायचं कोणी?"

घोरपडीने शेपटी आपटली. "हे मुसळ काय शोभेचं आहे? पण अडकलेले पतंग माझे."

"तुमचे! पंखांसकट!"

घोरपडीने शेपटीने फुलं कुटली. हसून दमलेल्या माकडांनी नवे द्रोण बसवले. चिचुंद्रीच्या वाट्याला सगळ्यात अवघड काम आलं: लांब राहायचं! वारा तिच्याकडून तुरीकडे जाणार नाही अशा जागी, ओढ्याच्या खालच्या अंगाला, ती आगगाडी घेऊन बसली. द्रोण नीट बसलेत का, चीक पुरेसा आहे का, म्हणून चारदा उठली आणि चारदा स्वतःलाच दटावून खाली बसली.

दिवस मावळला आणि लांबून घोरपडीची आरोळी आली, "आल्या गं, आल्या! पोटात अंडी घेऊन आल्या!" पिल्लं उड्या मारायला लागली. चिचुंद्री जागची हलली नाही.

मग रोज तसंच. मधमाश्या फसू नयेत म्हणून माकडं उजाडताच द्रोण झाकत, संध्याकाळी उघडत. घोरपड इतकी सुटली की बिळाच्या तोंडाशी अडकायला लागली. चिचुंद्री मात्र थंडी पडेपर्यंत स्वतःच्या तुरीकडे फिरकली नाही. फिरकली तेव्हा तिने पहिली शेंग फोडली. आत दाणे गच्च बसले होते, आणि अळी एकही नव्हती.

तात्पर्य : आपला वास आपल्याला येत नाही, जो सांगेल त्याला चावण्याआधी त्याचं ऐकावं, आणि कामाच्या भल्यासाठी कधी कामापासून लांबही राहावं.