नामघराचे तीन साचे

एका राज्यात गोष्ट ऐकण्याआधी तिचं नाव कोरलं जाई. राजाच्या नामघरात नावांचे तीनच साचे होते: ‘अमक्याचं तमकं’, ‘अमका आणि तमका’, आणि तिसरा प्रश्नाचा. नामकार पेटीच्या झाकणावर नाव कोरी, मग गोष्ट पेटीत जाई. ऐकायला कुणाला सवड नसे.

एकदा एका चेटकिणीने आपल्या आईची गोष्ट आणली. वृद्ध नामकार अच्युतपंतांनी ‘वेडी’, ‘विहीर’ असे दोन शब्द कानावर पडताच, पुढचं न ऐकता, झाकणावर ‘वेडी आणि विहीर’ कोरलं.

चेटकीण म्हणाली, “खरं नाव मिळेपर्यंत पेटी उघडणार नाही. आणखी तीनदा प्रयत्न करा. तिन्ही चुकले, की नामकार पुरता दगड होईल.”

पेटीवर आपली मैना बसवून ती निघून गेली. अच्युतपंतांचे पाय जागीच दगडाचे झाले.

त्यांची मुलगी शाल्मली दूरदेशी सात वर्षं शिकून परतली, ती थेट नामघरात आली. साऱ्या जगातल्या नावांचे साचे तिने वहीत उतरवून आणले होते. घाई करू नकोस, असं वडील विनवत होते. तिने ऐकलं नाही.

“विहिरीचं रहस्य,” ती म्हणाली. दगड कमरेपर्यंत चढला.

“विहीर कोणी खणली?” दगड गळ्याला टेकला.

मैनेने मान वाकडी केली. “बाईसाहेब, दूरदेशी कान उघडायला शिकवत नाहीत वाटतं?”

शाल्मली ओशाळली. तिने वही मिटली आणि ती जमिनीवर मांडी घालून बसली. “सांगा,” ती म्हणाली.

मैनेने सांगितलं. एका बाईने तान्ही लेक पाठीला बांधून खडक फोडायला घेतला आणि एकोणीस वर्षं एकटीने फोडला. गाव हसलं. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ तिने सर्वांत जास्त हसणाऱ्याला दिली. पुढे राजाने विहिरीवर आपलं नाव घातलं, आणि लोक बाईला विसरले.

“तिचं नाव काय होतं?” शाल्मलीने विचारलं.

मैना म्हणाली, “भागी. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

शाल्मलीने छिन्नी उचलली. साचा जुनाच निघाला. तिने कोरलं: ‘भागीची विहीर’.

झाकण उघडलं. पेटी गार पाण्याने काठोकाठ भरली होती. तिने एक ओंजळ वडिलांच्या ओठांना लावली, आणि दगड मिठासारखा विरघळला.

ही गोष्ट ऐकून राजाने विहिरीवरचं आपलं नाव स्वतःच्या हाताने पुसलं. नामघरात आधी चटई अंथरायची, मग छिन्नी काढायची, अशी रीत पडली. दुसऱ्या दिवशी एक धनगर गोष्ट घेऊन आला, तेव्हा अच्युतपंत केव्हाचे चटईवर येऊन बसले होते.