एका वेळी एकच हुकूम

एका एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या बनवणारा एक कारखाना होता. तिथे श्रीरंग फडतरे नावाचा इंजिनिअर होता. हुशार, पण भारी उतावळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, त्यातला. एक प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत दुसरा विचारायचा.

कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या पळायच्या आणि एक कॅमेरा त्यांतल्या तडकलेल्या हेरून बाजूला पाडायचा. या कॅमेऱ्याला बटणं नव्हती. कॉम्प्युटरवर हुकूम लिहून वायरीतून पाठवायचा: उजेड वाढव, उजेड कमी कर. कॅमेरा तो पाळायचा आणि मग "झालं" असं उत्तर द्यायचा. मात्र त्याचा एक हेका होता. उत्तर द्यायच्या आत दुसरा हुकूम आला, की तो दोन्ही सोडून द्यायचा.

एके दिवशी पांढऱ्या बाटल्या संपून तपकिरी सुरू झाल्या, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासाठी. तपकिरी काचेत कॅमेऱ्याला सगळा अंधारच दिसू लागला. तडा कुठून दिसणार? कारखान्याचा रिवाज असा, की कॅमेरा नीट लागेपर्यंत येईल तो माल चुऱ्यात टाकायचा. चुरा पुन्हा भट्टीत जातो. पण "दोन मिनिटांचं तर काम!" म्हणत श्रीरंगने माल सरळ पॅकिंगकडे सोडला.

त्याने हुकूम दिला: उजेड वाढव. कॉम्प्युटरचा पडदा काळाच. उत्तराची वाट कोण पाहतो? लगेच दुसरा हुकूम, आणखी वाढव. मग त्याहून वाढव. पडदा काळाच. त्याने वायर उपटून पुन्हा खोचली. खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. बाटल्या खणखणत पुढे चालल्या होत्या आणि त्याच्या जिवाची नुसती घालमेल होत होती.

इतक्यात शिफ्टप्रमुख वैजयंती मॅडम धावत आल्या.

"श्रीरंग, ती गाडी—"

"गाडीचं नंतर, मॅडम! ही वायर कुणी बदलली? दुसरा कॅमेरा आहे का? मालक आलेत का?"

मॅडम गप्प उभ्या राहिल्या.

"अहो, बोला ना!"

"कशी बोलू? मी तोंड उघडते, तोवर तुझा पुढचा प्रश्न तयार."

श्रीरंग चपापला. कॅमेऱ्याशी तरी तो मघापासून वेगळं काय करत होता? त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने एकच हुकूम पाठवला आणि हात मांडीखाली दाबून बसला. वेळ जाता जाईना. मग पडद्यावर "झालं" उमटलं, बाटल्या लख्ख दिसू लागल्या आणि लगेच एक तडकलेली बाजूला पडली. ते पाहून त्याला मघाशी सोडलेला माल आठवला.

"मॅडम, तुम्ही काय सांगत होता?" त्याने विचारलं आणि या वेळी तो थांबला.

"पॅकिंगमध्ये तडकलेली बाटली सापडली. गाडी तेव्हा फाटकात होती. माल तुझ्या शब्दावर भरला होता, म्हणून अडवू का विचारायला आले. आता गेली ती."

श्रीरंगने मालकांना फोन लावला. "माल मी न तपासता सोडला. गाडी परत बोलवावी लागेल."

मालक बराच वेळ काहीच बोलले नाहीत. श्रीरंगच्या ओठांवर सबबींची रांग लागली. त्याने एकही बाहेर पडू दिली नाही.

"बोलाव," अखेर मालक म्हणाले. "आणि त्यातली प्रत्येक बाटली तू स्वतः बघायचीस."

गाडी आली. श्रीरंग खिडकीशी बसला आणि बाटली उजेडात धरून पाहू लागला, एका वेळी एक.

तात्पर्य: विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबावं; जो थांबत नाही, त्याचं कामही होत नाही आणि धोक्याची हाकही त्याच्या कानी पडत नाही.