वाळूत बसलेली मनकी

ही गोष्ट इतकी जुनी, की ती डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी उरलं नाही. समुद्रकाठच्या एका गावात मनकी नावाची बाई राहत होती. दिवसभर ती जाळी विणी, आणि चैत्र लागला की सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर निवांत बसून पाखरं न्याहाळी. कोण दूरदेशी निघालं, कोण इथंच अंडी घालणार, सगळं तिला ठाऊक.

लोक हसत. म्हणत, "पाखरं पाहून पोट भरतं का गं?"

"पोटाला जाळी आहेत की. पाखरं जिवाला," मनकी म्हणे.

एका सकाळी उधाणाच्या भरतीला गावच्या नाखव्याचं नवं गलबत पाण्यात लोटायचं होतं. चाळीस माणसांनी दोर धरले. ओंडक्यांवरून गलबत पुढे सरकू लागलं. वाटेतच चिखल्या पक्ष्याची अंडी होती! मनकी धावत गेली आणि अंड्यांच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

"ऊठ, मनके! भरती ओसरली तर गलबत पंधरा दिवस वाळूत रुतून राहील," नाखवा ओरडला.

"इथं अंडी आहेत, नाखवा. वाट जराशी वळवा."

"कुठं आहेत? मला तर नुसती वाळू दिसते."

"उभ्यानं नाही दिसायची. बसा."

दोराकडची माणसं खो खो हसली. दोघांनी तिचे दंड धरले. मनकीला भीती वाटली, पण ती तसूभरही हलली नाही.

"एकदाच बसून पाहा. नाही दिसली, तर मी स्वतः दोराला हात लावते."

नाखवा रागारागानं खाली बसला. वाळू, शिंपले, खडे. तेवढ्यात एक इवलंसं पाखरू पंख मोडल्यासारखं फरफटत त्याच्यापुढून गेलं.

"ती आई. तुम्हाला इथून दूर न्यायला बघतेय," मनकी हळूच म्हणाली.

नाखव्यानं पुन्हा निरखलं. त्याच्या पावलापासून वीतभर अंतरावरचे तीन खडे, खडे नव्हतेच.

तो जपून मागे सरकला. "ओंडके उचला रे! दहा हात पलीकडून काढा!"

माणसं घामाघूम झाली. पाणी उतरायला लागलं होतं, पण अगदी शेवटच्या लाटेनं गलबत उचलून घेतलं.

काही दिवसांनी वाळूवर तीन पिल्लं तुरुतुरु धावू लागली. तेव्हापासून त्या गावात चैत्रात होडी ओढण्याआधी एक माणूस वाटेवर वाकून वाकून पाहत चालतो. पहिल्या वर्षी ते काम नाखव्यानं स्वतःकडे मागून घेतलं.

तात्पर्य: जे चार लोकांना दिसत नाही ते ज्याला दिसलं, त्यानं आपली जागा सोडू नये.