कडं काही मिटेना

खूप जुन्या काळची गोष्ट. आपलं राज्य नेमकं कुठे संपतं हे तेव्हा राजालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. त्या राज्यात नदीकाठी दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं. विहिरीचे दोर, बैलांची दावी, होड्यांचे दोरखंड, सगळं त्याच गावातून जायचं.

त्या गावात गोजरा नावाची बाई राहायची. तिने मारलेली गाठ बैलाच्या हिसक्यानेही सुटत नसे. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. त्याचा धंदा तिने लावला, त्याचं लग्न तिने ठरवलं, आणि लग्नानंतर भाजीत मीठ किती हेही तीच ठरवू लागली. भावजय बिचारी गरीब गाय. ‘हो वन्सं’ यापलीकडे तिच्या तोंडून शब्द निघत नसे. गोजराच्या मनात पाप नव्हतं हो! तिचा जीव होता दोघांवर. पण जीव लावायचा म्हणजे धरून ठेवायचं, एवढंच तिला ठाऊक.

अशा त्या घरात मुलगी जन्मली. गोजराचे पाय जमिनीवर ठरेनात.

आता त्या गावाची रीत ऐका. बाळाच्या कुंचीला आत्याने आपल्या हाताने झालर करायची. झालर म्हणजे सुताची लहान लहान कडी, एकमेकींना जोडलेली. बोटाएवढ्या धोट्यावर सूत भरायचं. त्याच सुताचा एक फेरा डाव्या हाताच्या बोटांभोवती घ्यायचा आणि धोटा त्याच्या वरून-खालून नेत गाठीला गाठ लावत जायचं. मग धोटा ओढला की फेरा सर्रकन आवळतो आणि गोल कडं मिटतं. शेवटचं कडं तेवढं उघडं ठेवायचं. ते बारशाला बायकांसमोर मिटवायचं आणि मगच बाळाच्या कानात नाव सांगायचं. कडं मिटलं नाही, तर नाव सांगायचा मान दुसरीला.

नाव गोजराने कधीच ठरवून टाकलं होतं. तिच्या आईचं, भागीरथी. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

ती झालर करायला बसली. गाठी कशा सुरेख पडल्या, ओळीने, घट्ट. तिने धोटा ओढला. कडं हललंसुद्धा नाही. अजून जोराने ओढला. सूत तटकन तुटलं.

“सूतच कच्चं आहे,” गोजरा म्हणाली आणि दुसरं घेतलं. तेही तुटलं. दोरखंड वळणाऱ्या हातांपुढे सुताची काय कथा!

शेवटी ती गावातल्या म्हाताऱ्या झालरवालीकडे गेली. “आजी, माझं काय चुकतंय ते सांगा.”

आजीने बोलता बोलता एक कडं करून मिटवलंही. “हे असं.”

“असं म्हणजे कसं?”

“अगं, असंच की! मला काय ठाऊक? हात करतात, मी बसते गप्पा मारत.”

गोजराने आजीचं कडं आणि आपलं कडं शेजारी शेजारी धरलं. दोन्हीकडच्या गाठी सारख्याच दिसत होत्या. मग एक कडं मिटतं आणि दुसरं हटून का बसतं? हा प्रश्न तिच्या डोक्यात असा काही शिरला, की बारसं, मान, सगळं बाजूला राहिलं. चुलीवरची भाकरी करपली. शेजारीण हाक मारून थकली. कडं कसं मिटवायचं यापेक्षा ते का मिटत नाही, हेच आता तिला कळायला हवं होतं.

हळद कुटता कुटता तिला युक्ती सुचली. तिने धोट्यावरचं सूत हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलं. बोटांभोवती घ्यायचं टोक पांढरंच ठेवलं. मग एक कडं आपण केलं आणि तसंच सूत आजीपुढे ठेवून म्हणाली, “आता तुम्ही करा. पण ओढू नका, उघडंच ठेवा.”

आजीने हसत हसत केलं. दोन्ही कडी उन्हात धरली, आणि गोजरा चकित झाली. तिच्या सगळ्या गाठी पिवळ्या होत्या. आजीच्या सगळ्या पांढऱ्या!

“आजी, हे बघा! माझं पिवळं सूत पांढऱ्याला आवळून बसलंय. तुमचं पांढरं पिवळ्याभोवती बसलंय, आणि पिवळं आतून सरळ धावतंय. म्हणून तर ओढलं की सरकतं!”

“असं होय?” आजी म्हणाली. तिलाही हे नवंच होतं. “पण वळसा तर मी धोट्याच्याच सुताने घालते. मग गाठ पलीकडे जाते कधी?”

आता दोघीही आजीच्या हातांकडे टक लावून बसल्या. धोट्याने वळसा घातला. उजवा हात सूत ताणू लागला. आणि त्याच क्षणी आजीची डावी बोटं खाली झुकली, फेरा सैल पडला. गाठीने टुणकन उडी मारली, पिवळ्यावरून पांढऱ्यावर.

“तुम्ही डावा हात सोडताय!”

“सोडत नाही गं, नुसता सैल करते. सोडला तर सगळंच गेलं.”

गोजराने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो कधी सैल झालाच नव्हता. दोर वळायचा तर दोन्हीकडून ताण हवा, हेच त्याला जन्मभर शिकवलेलं. बोटं ऐकेनात. ती त्यांना समजावत होती, चिडत होती, एकदा तर तिला रडूही आलं. पण मग एक गाठ उडाली. गोजरा लहान पोरीसारखी खिदळली, आणि तशी दुसरी करून पाहिली.

बारशाला घर बायकांनी भरलं. गोजराने धोटा ओढला, आणि शेवटचं कडं अलगद मिटलं. “वा गं आत्याबाई!” बायका म्हणाल्या. बाळाला कुंची घातली. गोजरा पाळण्यावर वाकली. आईचं नाव ओठांवर आलं होतं.

समोर भावजय उभी होती. तिने पाळण्याची दोरी मुठीत आवळून धरली होती आणि डोळे खाली घातले होते. गोजरा थांबली. इतकी वर्षं एका घरात राहून या पोरीच्या मनात काय आहे, हे आपण एकदाही विचारलं नाही! सुताच्या गाठीसाठी भाकरी करपवली आणि हिच्यासाठी साधा प्रश्नसुद्धा नाही. गोजराला मनापासून लाज वाटली.

“तू काय नाव योजलंयस गं?”

भावजय गडबडली. “तुम्ही म्हणाल ते, वन्सं.”

“मी म्हणते ते रोजच होतं. आज तू सांग.”

“रेवा,” ती हळूच म्हणाली. “पोटात होती तेव्हापासून मी तिला रेवाच म्हणते.”

भागीरथी हे नाव गोजराने मनातच ठेवलं. ती पुन्हा वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, “कुर्रर्र... रेवा!” बायकांनी तिच्या पाठीत रीतीप्रमाणे दणादण धपाटे घातले.

त्यानंतर त्या घरात भावजय कधी कधी “नाही वन्सं” असंही म्हणू लागली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा भावाच्या हातातला घास हातातच राहिला. मग सगळ्यांत आधी गोजराच हसली. भाजीत मीठ कधी कमी पडलं, कधी जास्त झालं, पण तिघं एका पंगतीला बसून जेवू लागली.

तात्पर्य: घट्ट धरायला बळ पुरतं, पण वेळेवर सैल व्हायला शहाणपण लागतं.