दुरगाक्काची चुकलेली ओवी

अहो मागची मंडळी, पुढं सरका. टाकीघराच्या पायरीवर बसलात तरी चालेल, दुरगाक्का रागावत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो. सांगताना माझं काही चुकलं, तर मध्येच ओरडायची मुभा आहे. आपल्या हिवरघाटात ती पहिल्यापासून आहे. का आहे, तेच तर आज सांगायचंय.

तर फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आजीची आजी परकर खोचून आट्यापाट्या खेळत होती, तेव्हाची ही गोष्ट. गाव तेव्हाही नदीच्या याच वळणावर होतं. मधोमध चिंचेचं मोठं झाड होतं. काय? पिंपळ? बरं बाई, पिंपळ. बघा, सुरू झालं!

तेव्हाचं गावही असंच होतं, असं म्हणतात. कुणी नुसतं म्हणालं, "आज लई ऊन हाय," की पलीकडून आवाज यायचा, "तसं न्हवं! कालच्यापरीस कमीच हाय." पाहुण्याला आधी पाणी, मग गूळ, आणि गूळ संपायच्या आत भांडण. पण भांडण म्हणजे डोकी फोडणं नव्हे हं. कुणी चुकीचं बोललेलं कुणाला सहन व्हायचं नाही, एवढंच. नवी सून आली की महिनाभर घाबरायची, मग तीही दारात उभी राहून सगळ्यांच्या चुका काढायला लागायची.

त्या गावात दरवर्षी दसरा झाला, की दुरगाक्का यायची. टाकीवाली. तुम्हा पोरांना जातं ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग पीठ बारीक पडत नाही. छिन्नी-हातोडीनं ठोकून ठोकून त्याला पुन्हा खरबरीत करावं लागतं. त्याला म्हणतात टाकी लावणं. ती कुठली, कुणाची, कुणाला माहीत नव्हतं. एक गाढव, त्यावर हत्यारांची पिशवी, आणि दणदणीत हाक: "टाकीऽऽ घ्या, टाकीऽऽ!" हाक ऐकून नदीपलीकडच्या बायका डोक्यावर जाती घेऊन निघायच्या, असं म्हणतात. ती घाव घालायची तेव्हा ठिणग्या अशा उडायच्या, की त्यावर चूल पेटवून घ्यायचे लोक. आणि तिनं टाकी लावलेल्या जात्याची भाकरी दुष्काळातसुद्धा एक जास्तच व्हायची. आता हे खरं की खोटं, मला विचारू नका. मी भाकरी मोजायला नव्हतो.

टाकी लावायचं ती सूपभर धान्य घ्यायची. पण त्याआधी म्हणायची, "बाई, दळताना तू काय गातीस? मला म्हणून दाव." मग ती घरधनीण लाजत लाजत आपली ओवी म्हणायची. त्या ओव्या देवाच्याच असायच्या असं नाही. आपलं दार, आपला गोठा, आपली शेजारीण, जे समोर दिसतं ते. कोंडाबाई म्हणून एक होती, आडाजवळ राहायची. आड म्हणजे छोटी विहीर. तिची ओवी अशी:

माझ्या दारीचा शेवगा, वाकून बघतो आडात
शेजीचं गं रेडकू, शिरतं माझ्या कवाडात

ही शेजी म्हणजे सारजा. तिच्या म्हशीचं रेडकू रोज उठून कोंडाबाईच्या घरात शिरायचं आणि पिठाचा डबा चाटायचं. त्यावरून दोघींचं रोज वाजायचं.

आता दुरगाक्काची गंमत ऐका. हातात कसब होतं, पण गळा? देवा! ती गायला लागली, की भर दुपारी कोंबडे आरवायचे, असं म्हणतात. आणि डोक्यात ओव्यांची खिचडी! एका घरची ओवी दुसऱ्या घरी म्हणायची आणि हमखास चुकायची. सारजाच्या ओसरीवर बसून ती खुशाल गायची:

माझ्या दारीची म्हस, वाकून बघते आडात
शेजीचा गं शेवगा, शिरतो माझ्या कवाडात

सारजा हसून हसून भुईवर लोळायची. "अगं अक्का, तसं न्हवं! शेवगा कसा शिरंल घरात? त्याला काय पाय हाईत?" पलीकडून कोंडाबाई ओरडायची, "तसं न्हवं! आन् रेडकू का वगळलंस? रेडकू घाल!" मग आख्खी आळी जमायची, जो तो ओवी नीट करून द्यायचा. दुरगाक्का मान डोलवायची, "हां हां, आता समजलं," म्हणायची, आणि पुढच्या घरी जाऊन नवीन चूक करायची. गावात कुणी घोटाळा केला, की लोक म्हणायचे, अगदी दुरगाक्काची ओवी झाली.

अशी बरीच वर्षं गेली. आणि एका श्रावणात नदीला पूर आला.

नदी रोज भेटणारी, सगळ्यांच्या घागरी भरणारी. पण त्या वर्षी ती गावात आली आणि परत जायचं नावच घेईना. नशीब एवढंच, की पाटलांनी वेळेवर हलगी वाजवायला लावली. माणसं, गुरं, कोंबड्या सगळी माळावर चढली. एकही जीव गेला नाही. पण पाणी ओसरल्यावर लोक खाली बघायला आले, तर गाव नव्हतंच. मातीची घरं मातीत मिळाली होती. झाडं वाहून गेली होती. आड गाळानं भरून सपाट झाला होता. अंगण सारवावं तशी सगळी जमीन एकसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपलं दार कुठं होतं, हेच कुणाला कळेना.

आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट घडली. गाव गप्प झालं.

हसू नका. भांडणारं गाव गप्प झालं, म्हणजे काय झालं असेल विचार करा. माळावर झोपड्या घालून लोक राहिले. कुणी म्हणायचं, "माझं घर बहुतेक तिकडं होतं." दुसरा नुसता, "असंल." कुणी कुणाची चूक काढेना. सारजा कोंडाबाईला म्हणाली, "तुझा शेवगा लई गोड होता गं." तर कोंडाबाई काहीच बोलली नाही. ती पुरापासून कुणाशीच बोलत नव्हती. नुसती खाली गाळाकडं बघत बसायची. तिचं ऐकून मला वाटतं, माणसाचं घर गेलं की शब्द कुठं ठेवायचे हेच त्याला समजत नसावं.

दसरा आला. सोनं लुटायला आपट्याचं झाड नव्हतं. मग सगळ्यांनी ठरवलं, आता इथं राहून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी उठायचं, आणि ज्याचे पाहुणे जिथं, त्यानं तिथं जायचं. कुणी माहेरी, कुणी मामाकडं. हिवरघाट संपलं.

गाठोडी बांधून झाली होती. लोक निघायचे म्हणून उठत होते. तेवढ्यात खालून हाक आली.

"टाकीऽऽ घ्या, टाकीऽऽ!"

ती दुरगाक्का होती. गाढव घेऊन गाळाच्या मधोमध उभी.

पाटील खाली गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले. "पाटील," ती म्हणाली, "गाव कुठं हाय?"

"गाव गेलं, अक्का," पाटील म्हणाले. "आता आमीबी निघालो. पुढच्या साली येऊ नगंस."

दुरगाक्कानं गाढवाच्या पाठीवरची पिशवी उतरवली. गाळावरच फतकल मारून बसली. हातोडी काढली, आणि जमिनीवर ठोके देत, आपल्या त्या भयंकर गळ्यानं गायला लागली:

माझ्या दारीची म्हस, वाकून बघते आडात
शेजीचा गं शेवगा, शिरतो माझ्या कवाडात

कुणी हललं नाही. तिनं परत म्हटली. या वेळी म्हशीच्या जागी पाटलांचा बैल घातला. परत म्हटली. या वेळी तर आडच कवाडात शिरला.

आणि मागून एक आवाज फुटला. बरेच दिवस न वापरलेला, घोगरा. "तसं न्हवं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोंडाबाई होती.

"तसं न्हवं!" ती पुढं आली. डोळ्यांतून पाणी, पण आवाज चढलेला. "किती येळा सांगायचं तुला, अक्का? शेवगा आडाला लागून! आन् शेवग्याच्या पाठीला माझं दार! आड कुठं म्हणतीस? आड हा हितं!" आणि रागारागानं ती तरातरा चालत गेली आणि एका जागी पाय आपटून उभी राहिली.

"तसं न्हवं!" सारजा धावली. "आड जरा अलीकडं. माझ्या दारातनं दोन ढांगा टाकल्या की घागर सोडायची त्यात."

"तुझं दार कुठं हाय ते तरी ठाऊक हाय का तुला?"

"हाय तर! हे हितं!"

पुरुषांनी कुदळ आणली. दोघींच्या मधोमध खणलं. आणि कुदळीला आडाचा काठ लागला, ठण्ण! बरोबर मधोमध. दोघीही चुकल्या होत्या आणि दोघीही बरोबर होत्या.

मग काय विचारता! "आडापासून शिंप्याची ओसरी दिसायची." "तसं न्हवं, ओसरी न्हवं, मागची भिंत!" "आमचा उंबरा त्येच्यासमोर." "समोर न्हवं, तिरपा! मी तिथंच रोज ठेचकाळायचो!" गाव बोलायला लागलं. पुरापासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. जो तो दुसऱ्याची चूक दाखवायला आपापल्या जागी जाऊन उभा राहिला, आणि बघता बघता, भिंत नाही, छप्पर नाही, पण आख्खं गाव आपापल्या दारात उभं होतं. त्या वेळी, असं म्हणतात, गाळाखाली गाडलेली जाती आपोआप फिरायला लागली. घरघर, घरघर असा आवाज पायाखालून यायला लागला, आणि जिथून आवाज आला तिथं खणलं, की त्या घरचं जातं निघायचं.

आणि रेडकू? ते आता आख्ख्या म्हशीएवढं झालं होतं. माळावरून डुलत डुलत खाली आलं, सारजाच्या समोरून गेलं, नसलेल्या दारातून कोंडाबाईच्या नसलेल्या घरात शिरलं, आणि डबा कुठं आहे म्हणून हुंगायला लागलं. तेव्हा कोंडाबाई सारजाच्या गळ्यात पडली आणि दोघी रडता रडता हसल्या. गाठोडी सुटली. कुणी कुठं गेलं नाही.

होळीपर्यंत घरं उभी राहिली. तोवर दुरगाक्का थांबली. गाळातून निघालेल्या प्रत्येक जात्याला तिनं टाकी लावली. पहिलं पीठ पडलं, त्याच्या पुरणपोळ्या झाल्या. मग एका सकाळी तिनं गाढवावर पिशवी टाकली.

"कुठं निघालीस, अक्का?" कोंडाबाईनं विचारलं.

"जाते की. तुमची घरं झाली. मी परक्या गावची बाई, माझं हितं ना घर ना दार."

आता बघा, सगळ्या आयुष्यात दुरगाक्का पहिल्यांदाच बरोबर बोलली होती. तिचं घर नव्हतंच तिथं. पण गावानं ते ऐकलं. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी ऐकलं, आडावरच्या बायकांनी ऐकलं, पाटलांनी ऐकलं. आणि आख्खं हिवरघाट एका आवाजात ओरडलं:

"तसं न्हवं!"

एवढ्या मोठ्यानं ओरडलं, की नदी क्षणभर थबकली, असं म्हणतात. दुरगाक्काच्या हातातला कासरा सुटला. गाढव खाली बसलं ते उठेचना. आणि मग परत भांडण, तिचं घर कुणाच्या शेजारी? सारजा म्हणे माझ्या, कोंडाबाई म्हणे माझ्या, शिंपी म्हणे माझ्या. शेवटी पाटील म्हणाले, "ती जिथं बसून चुकीचं गायली, तिथं तिचं घर." आणि ती जागा ही. जिथं तुम्ही आत्ता पाय पसरून बसलाय ती.

ती मुद्दाम चुकायची की तिला खरंच आठवायचं नाही? कोंडाबाईनं म्हातारपणी तिला विचारलं होतं म्हणे. दुरगाक्का नुसती हसली आणि म्हणाली, "इसरले बाई." यावर गावात अजून दोन तट आहेत आणि मी दोन्हीत आहे.

तिच्या जागेवर आज हे टाकीघर आहे, आणि त्यात आपलं हिवरघाट इतिहास मंडळ बसतं. आत जाऊन बघा. जाती आहेत, अडकित्ते आहेत, बँडवाल्यांचा पोचे पडलेला कर्णा आहे. पण कुठल्याच वस्तूखाली शाईनं लिहिलेली पाटी नाही. सगळ्या पाट्या खडूच्या, आणि शेजारी ओलं फडकं. मागच्या वर्षी एका घंगाळाखाली आम्ही नाव लिहिलं, दुपारपर्यंत ते पुसून आणखी दोघांनी आपलं लिहिलं, आणि प्रत्येकानं आपल्या आजीच्या न्हाणीघराची गोष्ट सांगितली. आम्हाला तेच तर हवं होतं. कुणी म्हातारी "मला मेलीला काय ठाऊक" म्हणून गप्प बसली, की आम्ही तिच्या शेजारी बसून तिच्या आळीबद्दल धडधडीत चुकीचं बोलतो. मग तिला थांबवून दाखवा! मंडळाचा सभासद व्हायला फी नाही. एक चूक दुरुस्त करून द्यायची, झालात सभासद.

आणि दरवर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजारादिवशी, म्हणजे आज, मंडळातला एकजण उभा राहून ही गोष्ट सांगतो, आणि शेवटी मुद्दाम एक चुकीचं वाक्य बोलतो. यंदा ते माझ्याकडं आलंय. कडेवरच्या बाळांनासुद्धा उठवा. झालं?

तर मंडळी, दुरगाक्का परक्या गावची होती. हिवरघाटात तिचं ना घर, ना दार, ना कुणी माणूस.

काय म्हणालात? मोठ्यानं म्हणा, नदीला ऐकू जाऊ दे!